पिवळी सूटकेस

मंगळवार, १० मार्च

ही वही कॅश अँड कॅरीवाल्यानं, म्हणजे आमच्या घाऊक किराणावाल्यानं, नवीन वर्षाची म्हणून फुकट दिली. दोन महिने मी हिच्यात फक्त बेसन संपलं, हिंग आणायचा असलंच लिहिलं. आज पहिल्यांदा दुसरं काही लिहितोय. आठवीत शाळा सोडली, त्यामुळे अक्षर हे असं. कोणाला दाखवायचं नाहीये म्हणून चालेल.

आज दुपारी अडीचला आसावरीनं आणि मी पिक्चर चालू केला. ती कराडला तिच्या घरी, मी इथं लेस्टरला, किचनमागच्या स्टोअरमध्ये तांदळाच्या पोत्यावर. माझी सुट्टी अडीच ते साडेतीन, तेव्हा तिकडं संध्याकाळचे आठ. एका फोनवर ती, जुन्या फोनवर पिक्चर. "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि दोघांनी एकदम दाबायचं. रोज पंधरा मिनिटं, शनिवार-रविवार सोडून, कारण तेव्हा मी कोणाच्या ना कोणाच्या लग्नाचा स्वयंपाक करत असतो. कल्पना तिचीच. म्हणाली, "साखरपुडा झाल्यापासून आपण नुसतं 'जेवलास का, जेवलीस का' करतोय. दहा मेला लग्न. त्याच्या आधी काहीतरी एकत्र करू."

पिक्चर कोरियन आहे, हिंदीत बोलणारा. चार जोडपी, एकच हॉल, एकाच दिवशी लग्नं. सात दिवस राहिलेत आणि सगळ्यांचीच टरकलीय. एक जोडपं दुकानात फ्रिज कुठला घ्यायचा म्हणून भांडतं आणि तो माणूस रुसून फ्रिजच्या आत जाऊन बसतो. मी एवढा हसलो की आमचे मालक मनहरभाई दार उघडून बघायला आले.

दुसरी एक मुलगी आहे, पोस्टात कामाला. रोज पिवळी सूटकेस भरते, बस स्टँडवर जाते, बस येते, ही चढत नाही, घरी परत. होणाऱ्या नवऱ्याला काही सांगत नाही. मला ती कंटाळवाणी वाटली. आसावरी म्हणाली, "बघ, आता तिला कळेल किल्ली घरातच राहिली." आणि खरंच तसंच झालं. हुशार आहे माझी होणारी बायको.

गुरुवार, १२ मार्च

आज हात भाजला. तेल उडालं, माझंच लक्ष नव्हतं.

साखरपुड्याचे फोटो बघत होतो. नोव्हेंबरात तीन आठवडे घरी गेलो तेव्हा झाला. आसावरीला त्याच्या आधी दोनदा बघितलं होतं, नंतर दोनदा. ती एका लॅबमध्ये रक्त तपासते. आमच्या घरात चारचौघांत मान वर करून बोलणारी पहिलीच. एका फोटोत सगळे हसतायत. तो क्षण लक्षात आहे. माझी आई सगळ्यांसमोर म्हणाली, "आता ते लॅबबिब बास. मला सून घरात पायजे." तिचे वडील हसले, पाहुणे हसले, मीही हसलो. आसावरीनं मान खाली घातली. लाजली.

चांगला दिवस होता.

सोमवार, १६ मार्च

लीड्सहून रवीचा फोन. नागपूरचा आहे, मी लीड्सला होतो तेव्हा आम्ही एका खोलीत राहायचो. त्याच्या हॉटेलात आचाऱ्याची जागा आहे, व्हिसाचं ते बघतील म्हणतो. तीन वर्षांत हे माझं तिसरं गाव. वेम्बलीत करमलं नाही, लीड्समध्ये भांडण झालं, लेस्टरमध्ये भांडण नाही तरी पाय शिवशिवतात. आसावरीला सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे लग्नानंतर तू नेमका कुठं असशील?"

"बघू."

"आणि मी?"

"तू आईजवळ. मग व्हिसाचं बघू."

"तुझ्या 'बघू'चं लोणचं घालायला पाहिजे," ती म्हणाली. मी हसलो.

मग पिक्चर. आज दहाच मिनिटं झाला, कारण तिनं मध्येच थांबवला. सूटकेसवालीचा होणारा नवरा दाखवत होते. चांगला माणूस आहे, मासे विकतो, रोज तिच्यासाठी मासा वेगळा काढून ठेवतो. आसावरी म्हणाली, "हा तिला विचारत का नाही?"

"काय विचारणार? लग्न ठरलंय की."

तिचं तोंड स्क्रीनवर तसंच थांबलं. नेट अडकलं असेल.

बुधवार, १८ मार्च

चूक केली. आज सुट्टी होती, बाहेर पाऊस, खोलीत एकटा. पिक्चर एकटाच पुढं लावला आणि शेवटपर्यंत बघितला. मला थांबता येत नाही, लहानपणापासून. भात शिजेपर्यंत चार वेळा झाकण उघडतो म्हणून अण्णांचा मार खाल्लाय. अण्णा म्हणजे वडील, गावातले आचारी, त्यांच्याकडूनच शिकलो.

आता मला शेवट माहीत आहे आणि माहीत नसता तर बरं होतं.

लग्नाचा दिवस. फ्रिजवाल्यांचं लागतं, बाकी दोन जोडप्यांचं लागतं. सूटकेसवाली लग्नाच्या कपड्यात बस स्टँडवर येते. बस येते. या वेळी ती चढते. तिकडं तो मासेवाला हॉलमध्ये फुलं घेऊन उभा. उभा म्हणजे उभाच. त्याची आई येऊन हातातली फुलं काढून घेते. मग नावं वर सरकायला लागली आणि मी फोन बंद केला. तसाही मी थेटरात नावं सुरू झाली की दाराशी असतो.

हा कसला विनोदी पिक्चर! आणि आसावरी नेमकी त्याच पोरीपाशी पिक्चर थांबवते. फ्रिजवाल्यांना हसत नाही. मला हे आवडत नाहीये.

तिनं शेवट बघता कामा नये.

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. मनहरभाईंना सांगून श्रीखंड केलं, किचनमधल्या सगळ्यांनी खाल्लं. आईचा फोन, पत्रिकेचा मजकूर छापखान्यात दिला. "आधिक म्हैना लागतोय सतरा मेला, त्याच्या आत उरकायचं. नंतरची तारीख न्हाय मिळायची, सांगून ठिवते." मी म्हटलं, ठीक आहे.

आसावरीला सांगितलं नेट नाही.

मंगळवार, २४ मार्च

काल सांगितलं काम आहे. आज सांगितलं जुन्या फोनची बॅटरी फुगली. उद्या काय सांगू?

ती म्हणाली, "तुम्हाला पिक्चर आवडत नसेल तर राहू दे." तुम्हाला. घरात कोणी असलं की ती मला अहो-तुम्ही करते, एकटी असली की तू. आज ती एकटी होती, मागं दाराची कडी लावलेली दिसत होती.

मी म्हटलं, "दुसरा बघूया की, मारामारीचा."

"नको. माझं डोकं दुखतंय."

मंगळवारी आमच्याकडं टेस्टिंग असतं. लग्न ठरलेली जोडपी येतात, टेबलावर बसून आमचे आठ-दहा पदार्थ चाखतात आणि मग मेन्यू पक्का करतात. मी ताटल्या नेतो. दोन वर्षांत बघून बघून मला कळायला लागलंय कोणाचं टिकेल. जे भांडतात त्यांचं टिकतं. जे "तुला चालेल ते मला चालेल" म्हणतात, त्यांच्यातलं कोणीतरी एक ताटलीत नुसतं बोट फिरवत असतं. आज घरी येताना बसमध्ये विचार आला की आसावरी आणि मी अजून एकदाही भांडलो नाही. बरं वाटायला पाहिजे होतं.

सोमवार, ३० मार्च

काय लिहू कळत नाही. क्रमानं लिहितो.

आज ठरवलं की लपवाछपवी बास. अडीचला फोन लावला. उचलला तिच्या धाकट्या बहिणीनं, तनूनं.

"दाजी! तुम्ही आत्ता कसे? आत्ता सात वाजलेत. ताई दळण आणायला गेलीय, फोन इथंच चार्जिंगला आहे."

सात कसे? मग लक्षात आलं. काल इकडची घड्याळं एक तास पुढं केली. फोन आपोआप बदलतो, मला कळलंच नाही. आधीची दोन वर्षं घरी कधीही फोन करायचो, तास चुकला तरी फरक पडायचा नाही.

मी तनूला म्हटलं, "ताईला सांग, आज पिक्चर बघायचाय."

"तो कोरियन? अजून तोच चाललाय तुमचा? ताईनं तर दिवाळीतच दोनदा बघितलाय. मला पण बसवलं होतं."

मी पोत्यावरून उठलो.

"दाजी, तुम्ही ताईशी बोला ना नीट. ते पुण्याचं पत्र आल्यापासून ती धड जेवत नाही, बाबांशी बोलत नाही..." आणि मागून तिच्या आईनं जोरात हाक मारली, "तनू! कोणाशी बोलतेस?" फोन कट.

पुण्याचं पत्र. आजच्या काळात पत्र कोण पाठवतं? आणि दोनदा बघितलेला पिक्चर माझ्याबरोबर पहिल्यांदा बघतेय असं का दाखवायचं? पुण्यात कोण आहे?

आठ वाजता तिथून तिचा फोन आला, इथं साडेतीन. मी उचलला नाही. भांडी घासणारा पोरगा मशीन लावायला विसरला होता, त्याच्यावर उगाच ओरडलो.

मंगळवार, ३१ मार्च

सकाळपासून कामात लक्ष नाही. डाळीत दोनदा मीठ घातलं, पूर्ण पातेलं टाकावं लागलं. मनहरभाई म्हणाले, "शेफ, तबियत ठीक नहीं तो घर जाओ." घरी जाऊन काय करू? भिंत बघू?

टेस्टिंगला मिल्टन कीन्सहून मराठी जोडपं आलं. मराठी मेन्यू पाहिजे म्हणून मनहरभाईंनी मलाच उभं केलं. मुलगी कस्तुरी, इथंच जन्मलेली, शाळेत शिकवते. मुलगा वरद, पुण्याचा, आयटीत. पुण्याचा म्हटल्यावर मी त्याच्याकडं उगाचच वाकडं बघितलं.

मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची सुकी भाजी, मठ्ठा, जिलेबी. कस्तुरी प्रत्येक घासाला विचारायची, "हे ठेवायचा का?" वरद म्हणायचा, "तुला आवडलं तर ठेवू." पाचव्यांदा तेच म्हणाल्यावर तिनं चमचा खाली ठेवला.

"वरद, I'm serious. तुला काय पाहिजे? हॉल मी निवडला, डेट मी निवडला, अळू पण मीच निवडू? तू फक्त येणार आहेस का लग्नाला?"

"अगं, मी adjust करतोय. लोकांना असा नवरा मिळत नाही."

"मला adjust नको. मला उत्तर पाहिजे."

मी ताटली धरून तसाच उभा. जावं की थांबावं कळेना. ती माझ्याकडं वळली. "दादा, तुमचा लग्न झाला आहे?"

"दहा मेला आहे. कराडला."

"Oh wow! मग तुमच्या लग्नाचा मेन्यू कोणी choose केला?"

"आमच्या अण्णांनी. वडिलांनी."

"आणि तिला? तिला टेस्टिंग दिला का?"

वरद म्हणाला, "कस्तुरी, please, leave him alone." पण मी तिथंच उभा राहिलो. तिला काहीच दिलं नाही. इथं लोक मठ्ठासुद्धा चाखून ठरवतात. आसावरीला मी, आई, आमचं घर, तारीख, सगळं वाढून समोर ठेवलं आणि ती हात धुऊन बसली की नाही तेपण कोणी बघितलं नाही.

मी आत गेलो. थोड्या वेळानं बघितलं तर वरद हातवारे करून भांडत होता, "अळू नको! मला लहानपणापासून अळू आवडत नाही!" आणि कस्तुरी हसत होती. यांचं टिकेल.

बुधवार, १ एप्रिल

मनहरभाईंकडं साडेतीन ते चार सुट्टी मागितली. खरं कारण सांगितलं. त्यांनी माझा अॅप्रन स्वतः काढून घेतला.

तिनं पहिल्या रिंगला उचलला. डोळे सुजलेले.

मी म्हटलं, "कॅमेरा बंद कर. मी पण करतो."

"का?"

"मध्ये अंतरपाट धरलाय असं समज. तोंड दिसलं की आपण दोघं खोटं बोलतो."

"अंतरपाट धरल्यावर कोणी बोलतं का? मंगलाष्टका चालू असतात."

"भटजी अजून आले नाहीत. बोल."

तिनं बंद केला. मीच आधी सांगितलं की पुढचा पिक्चर मी चोरून बघितला. ती म्हणाली, "मी तर दोनदा बघितलाय."

"तनूनं सांगितलं."

"तनूला मी आज सोडत नाही."

मग मी विचारलं, "पुण्यात कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"पत्र आलंय ना तुला."

मग आवाज आला, आधी वाटलं रडतेय, पण हसत होती, आणि मग खरंच रडायला लागली. "अरे वेड्या, पुण्यात लॅब आहे. हॉस्पिटलची. जानेवारीत मुलाखत दिली होती. कायम नोकरी. अठरा मेला हजर व्हायचंय. बाबा म्हणाले, नाही म्हणून कळव, त्यांच्या आईनं भर साखरपुड्यात सांगितलंय. आणि तू हसलास."

"मी?"

"तू हसलास, नकुल. मी मान खाली घालायच्या आधी तुझ्याकडंच बघत होते. वाटलं, हा काहीतरी बोलेल."

मी म्हटलं, "मग मला सांगायचंस की."

"रोजच सांगत होते. पंधरा-पंधरा मिनिटं."

बाहेर ट्रॉलीचा आवाज चालू होता. मी विचारलं, "तुला हे लग्न करायचंय का?"

"हे मला आज पहिल्यांदा कोणीतरी विचारलं." मग म्हणाली, "माहीत नाही. तुझ्याशी करायचंय, बहुतेक. पण तुझ्या आईबरोबर कराडात बसून तुझ्या फोनची वाट बघण्याशी नाही करायचं. तू आज लेस्टर, उद्या लीड्स. मी कोणाच्या गळ्यात हार घालणार, तेच समजत नाही."

मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "शेवट बघितलास ना? त्या मासेवाल्याच्या जागी तू असतास तर?"

मी खरं सांगितलं, "उभा राहिलो असतो. दुसरं काय करणार?"

"पूर्ण बघितलास?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. आणि फोन ठेवला.

आत्ता बारा मार्चचं पान उघडून वाचलं. 'लाजली' असं लिहिलंय. खोडावं वाटलं. पण राहू दे.

शुक्रवार, ३ एप्रिल

आज गुड फ्रायडे, किचन बंद. सकाळी अॅबी पार्कमध्ये जाऊन बाकावर बसलो, आईला फोन लावला. तीनदा नंबर काढून तीनदा बंद केला, चौथ्यांदा लावला.

"नकुल्या! पत्रिका आल्या बघ. झाक निघाल्यात. उद्या पयली देवाला ठिवणार आन् मग वाटायला काढणार."

"आई, थांब. वाटू नको."

मी सगळं सांगितलं, एका दमात.

आई म्हणाली, "सून पुण्यात, ल्योक विलायतंत. मग मी लगीन कुनाचं करतीया?"

"माझं."

"कुनी शिकवलं तुला ह्ये?"

"कोणी नाही. तिला आपण विचारलंच नव्हतं, आई."

"मला इचारलं हुतं का कुनी, मी आले तवा?" आवाज चिरका झाला होता. "आन् मी बोलले तवा तूबी हसला हुतास की!"

"हसलो होतो. चुकलो."

तिनं फोन अण्णांकडं टाकला. मागं भांड्यांची आदळआपट ऐकू येत होती. अण्णा कमी बोलतात. एवढंच म्हणाले, "पत्रिका वाटू का नको, त्येवढं सांग."

"नको. आसावरी सांगेल तेव्हा."

"आन् न्हाई म्हनली तर?"

मी म्हटलं, "तर नाही."

अण्णा म्हणाले, "बरं. कपाटात ठिवतो."

आसावरीला लावला, उचलला नाही. मेसेज लिहिला, पाच वेळा खोडून: 'आईशी बोललो. अठरा मेला तू हजर हो. लग्न दहा मेला, नंतर, का नाहीच, ते तू सांग. पत्रिका कपाटात आहेत.' दोन्ही टिक निळ्या झाल्या, म्हणजे वाचला. उत्तर नाही.

रवीला कळवलं, लीड्सला येत नाही. तो म्हणाला, "भाऊ, वेडा झालास का?" असेन. निदान तिनं शोधलं तर मी कुठं आहे ते माहीत असावं.

रविवार, ५ एप्रिल

उत्तर नाही. आईचा फोन नाही. दोनशे माणसांच्या लग्नाला जिलेब्या तळल्या. नवरा-नवरी किचनमध्ये आभार मानायला आले तर मला त्यांच्याकडं बघवेना.

मंगळवार, ७ एप्रिल

साडेतीनला फोन वाजला. तिचा. कॅमेरा चालू.

"जुना फोन काढ."

"का?"

"शेवटची पंधरा मिनिटं राहिलीयत. एक, दोन..."

बॅटरी फुगली म्हणून सांगितलेला जुना फोन खिशातच होता. दाबला. तीच बस, तोच हॉल, तीच फुलं. मी पिक्चर बघतच नव्हतो, तिचं तोंड बघत होतो. काही कळत नव्हतं. सूटकेसवाली बसमध्ये चढली. मासेवाल्याच्या आईनं फुलं काढून घेतली. नावं वर सरकायला लागली. माझा अंगठा आपोआप बटणाकडं गेला.

"थांब."

"संपला की."

"थांब म्हटलं ना, नकुल."

कोरियन नावं. वर जातायत, वर जातायत. एवढी माणसं लागतात एका पिक्चरला? मी पोत्यावर चुळबुळ करत होतो, ती मला बघत होती. आणि मग नावं संपली आणि बस आतून दिसायला लागली. ती खिडकीशी, मांडीवर पिवळी सूटकेस. ड्रायव्हरच्या आरशात मागची सीट दिसते. मागच्या सीटवर तो, लग्नाच्या कोटात, घामाघूम, पायाशी मासे ठेवायचा बर्फाचा डबा. कंडक्टर विचारतो, कुठं? तो म्हणतो, ती उतरेल तिथं.

मग खरंच संपला.

मी म्हटलं, "हे मी बघितलंच नव्हतं."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "म्हणजे? मग आईंशी कसा बोललास? मला वाटलं शेवट परत नीट बघितलास आणि..."

"नाही. मला वाटलं होतं तो तिथंच उभा राहतो."

ती दुसरीकडं बघायला लागली. ओढणीनं नाक पुसलं. मागून तनूचा आवाज आला, "ताई, काय म्हणाले?" आणि हिनं उशी फेकून मारली.

मग म्हणाली, "पत्रिका कपाटातून काढायला सांग. तारीख तीच राहू दे. सोळाला मी पुण्याला जाणार, खोली बघून ठेवलीय मैत्रिणीनं. आईंना विचार, माझ्याबरोबर येतील का चार दिवस. मला एकटीला स्वयंपाकघर लावता येत नाही."

"ती चिडलीय अजून."

"चिडू दे. विचार तर. आणि नंतर तू कुठं, मी कुठं..."

"बघ..." म्हणता म्हणता मी गिळलं. "रविवारी बसून ठरवू. दोघं. किती वाजता?"

"सहा. माझे सहा. तुझे किती ते तू काढ."

मनहरभाईंनी दार वाजवलं, चार वाजून गेले होते. मी म्हटलं, और दस मिनट. ते गेले. त्यातली पाच हे लिहिण्यात गेली. आता आईला फोन लावायचाय. तिकडं पावणेनऊ. या वेळी बोटांवर दोनदा मोजलंय.